शेवटचं कडवं कुणी कापलं

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार

आज गुलबर्ग्यात बसून आमच्या गाण्याचे हातपाय तोडले. लग्नात म्हणतो तेव्हा आरामात सात-आठ मिनिटं चालतं. या स्पर्धेला मात्र तीनच मिनिटं! वर एक सेकंद गेला तरी बाद, म्हणे. शिवप्रसाद काचेपलीकडून बोट वर करायचा, आम्ही थांबायचो. परत पहिल्यापासून. शिवप्रसाद म्हणजे माझ्या जोडीदारणीचा, हेमावतीचा जावई, स्टुडिओ त्याचाच. लग्नाच्या शूटिंगचं मोठं काम आहे त्याचं.

स्पर्धा शोधली अंबिकानं, माझ्या सुनेनं. शाळेत इंग्रजी शिकवते, सारखी मोबाईलवर. जगभरातल्या सीमेवर राहणाऱ्या लोकांसाठी आहे. गाण्यात दोन तरी भाषा पाहिजेत. नऊ देशांतले नऊ परीक्षक मार्क देणार, वर लोकांची मतं वेगळी. परीक्षकांच्या मार्कांवर बारा गाणी निवडून युरोपातल्या कुठल्याशा गावाला बोलावणार. "आत्या, तुमच्यासाठीच काढल्यासारखी हाय बघा!" म्हणाली.

खरंच आमच्यासाठीच. आमचं गाणं पाठवणीचं. आई मराठीत म्हणते, विहीण कन्नडमधून उत्तर देते. आई मी, विहीण हेमा. आम्ही दोघी सुना होऊन राजेश्वरात आलो तेव्हापासून या गावातला एक मांडव आमच्याशिवाय झाला नाही.

सहा कडव्यांतली तीन ठेवली. पहिलं माझं, मधलं हेमाचं, शेवटचं परत माझं. शेवटच्याला मी हात लावू दिला नाही. त्यात विहिणीकडं बघून आई म्हणते — लेकी, हाक मार तिच्या बोलीत, मला इथवर ऐकू येईल. त्या 'इथवर'ला सूर पार वर जातो आणि मांडवातल्या बायका पदर डोळ्याला लावतात. तेच कापायचं म्हणजे गाणं कशाला म्हणायचं?

येताना बसमध्ये हेमा गप्प होती. घसा धरलाय म्हणाली. सकाळी तर नव्हता धरला!


२१ नोव्हेंबर, गुरुवार

संध्याकाळी हेमा आली. हातात शेंगाच्या पोळ्यांचा डबा. कारण नसताना डबा — तेव्हाच मनात पाल चुकचुकली.

इकडचं तिकडचं बोलली. तुरीला फुलोरा बरा आलाय, हुमनाबादला कुणाची सोयरीक ठरली. मग उठता उठता म्हणाली, "कला, गाणं अजून थोडं कमी करायचं म्हणायलाय शिवप्रसाद. दोन मिनिटं वीस सेकंद."

"तीन मिनिटं चालतंय ना? मग?"

"चालतंय. पण परीक्षकांना लांब गाणं आवडत न्हाई म्हणं."

"मग काय काढायचं म्हणतीस?"

डब्याचं झाकण लावत बसली. लागलेलंच होतं झाकण. म्हणाली, "शेवटचं."

शेवटचं! म्हणजे माझं. म्हणजे गाणं संपणार तिच्या 'बा मगळे, ओळगे बा'वर — ये लेकी, आत ये. विहिणीनं पोरीला घरात घेतलं आणि आईला दारातच ठेवलं!

बघू म्हटलं. पोळ्यांना मी हात लावला नाही. यांनी दोन खाल्ल्या. वर म्हणाले, "लहान गाणं बी बरं असतंय की." यांना गाण्यातलं काय कळतंय!


२२ नोव्हेंबर

रात्रभर एकच — परीक्षकांना लांब आवडत नाही, हे शिवप्रसादला कुणी सांगितलं? परीक्षक काय त्याचे पाहुणे आहेत?


२४ नोव्हेंबर, रविवार

आज शोधूनच काढलं.

अंबिकाला सुट्टी होती. म्हटलं, मागच्या वर्षीची गाणी आहेत का बघ. सगळी होती! परीक्षकांचे मार्क, लोकांची मतं, सगळं वेगवेगळं लिहिलेलं. तिनं मोबाईल टीव्हीला जोडला. दुपारपासून दिवे लागेपर्यंत ऐकत बसलो. काय काय गाणी! एक बाप्या मोठं शिंग फुंकत होता. दोन बहिणी नदीत पाय सोडून गात होत्या. एक आजी आणि नात एकमेकींना चिडवत होत्या. भाषा एक कळेना, पण कोण रडतंय आणि कोण चिडवतंय ते कळत होतं.

मी गाण्यांकडे कमी आणि खालच्या आकड्याकडे जास्त बघत होते. गाणं किती लांब ते तिथं येतं. आणि काय निघालं? परीक्षकांनी निवडलेल्या बारांतली बहुतेक गाणी तीन मिनिटांच्या काठाला टेकलेली! दोन मिनिटांची, सव्वादोनची — ती लोकांना आवडली, लोकांनी भरभरून मतं दिली. परीक्षकांनी नाही. त्यांच्याकडं ती खालीच.

म्हणजे हेमा खोटं बोलली. उलटंच आहे सगळं!

अंबिकाला म्हटलं, "बघितलंस? दिलेला वेळ पुरता वापरला की परीक्षक मार्क देतात. मेहनत दिसती त्यांना."

ती म्हणाली, "आत्या, तसंच असंल असं न्हाई. ज्यांच्याजवळ तीन मिनिटं पुरंल एवढं गाणं होतं त्यांनी तीन मिनिटं म्हटलं. लांब हाय म्हणून चांगलं, असं कसं म्हणायचं?" आणि तिनं ते आजी-नातीचं गाणं परत लावलं. दीड मिनिटाचं. परीक्षकांत दुसरं आलेलं.

"ते एक सोड," म्हटलं मी.

"एकच कामून सोडायचं?"

मला राग आला. ही माझ्या बाजूनं आहे की हेमाच्या? परवा पिठाच्या गिरणीजवळ दोघी बोलत उभ्या होत्या. मी दिसल्यावर अंबिका म्हणाली, "चला, दळण झालं." गिरणी तर बंद होती, लाईट नव्हती!


२८ नोव्हेंबर, गुरुवार

राजूबाई आली होती ताक न्यायला. तिला गावातलं सगळं माहीत असतं. म्हणाली, "तुमची मैतरीण काल हुमनाबादच्या स्टँडवर दिसली की. एकलीच. गुलबर्ग्याच्या गाडीत बसली. तुम्ही न्हाई गेलात?"

मी म्हटलं, मला काम होतं.

खोटं बोलावं लागलं राजूबाईपुढं. हेमा आजवर एकटी कधी गेली नाही. बसमध्ये जायचं तर मीच लागते, खिडकीची जागा धरायला, आधार कार्ड सांभाळायला. आणि काल मला न सांगता!

आता सगळं जुळायला लागलंय. तिची लेक सुधारानी, शिवप्रसादची बायको. तिचा गळा चांगला आहे, पेटी शिकलीय. माझं कडवं काढायचं म्हणजे काय? काढायचं आणि तिथं लेकीचं घालायचं! सासूनं म्हणायचं, लेकीनं म्हणायचं, जावयानं रेकॉर्ड करायचं. घरचं घरात. युरोपला मायलेकी जाणार.


२९ नोव्हेंबर

तसं नसेलही. पण मग एकटी कशाला गेली?


३ डिसेंबर, मंगळवार

सरळ जाऊन विचारलं.

हेमा त्यांच्या कापडाच्या दुकानात गल्ल्यावर होती. गिऱ्हाईक नव्हतं. म्हटलं, "गुलबर्ग्याला गेलतीस?"

"व्हय. सुधाकडं गेलते."

"स्टुडिओत न्हाई?"

"तिथं बी गेलते." नजर खाली. साडीची घडी मोडून परत घालायला लागली. "त्या लहान गाण्याचा शेवट नीट करायचा होता. एकदम तुटल्यावानी वाटत होतं."

म्हणजे मी 'बघू' म्हटलेलं असताना हिनं करूनही टाकलं!

मी तिला आकडे सांगितले. मागच्या वर्षीच्या गाण्यांचे, परीक्षकांचे. ती ऐकत होती, पण ऐकणाऱ्या माणसासारखी नाही. आधीच ओळखलेलं दुखणं डॉक्टर आपल्या तोंडून ऐकतो ना, तशी.

"हेमा, खरं सांग. माझं कडवं कामून काढायलीस?"

"असंच, कला."

"असंच?"

"माझं एवढं ऐक. आजवर मी तुला काय मागितलंय का?"

गिऱ्हाईक आलं. मी निघाले. दारात वळून बघितलं तर ती माझ्याकडंच बघत होती. डोळ्यांत पाणी होतं असं वाटलं. पण अशा वेळी पाणी आणायला काय लागतं!


११ डिसेंबर

बोलणं बंद. मी इकडून, ती तिकडून. बाजारात समोरासमोर आलो तर दोघी मेथीची जुडी बघायला लागलो. एकाच टोपलीतली.


३० डिसेंबर, सोमवार. येळवस.

येळवस, वेळ अमावस्येची शेतातली पूजा, म्हणून शेतावर जावंच लागलं. शेजारचं शेत हेमाचं, बांधाला बांध. दरवर्षी दोन्ही घरांची पंगत एकत्र असते, यंदा मोडली तर गाव विचारणार. कडब्याच्या खोपीत पांडवांची पूजा झाली. भज्जी, आंबील, उंडे. तुरीचा पिवळा फुलोरा गळून शेंगा धरलेल्या. जेवायला नेहमीसारखी चांगली पन्नास माणसं.

जेवणं झाल्यावर बायकांनी धरलं, गाणं म्हणा म्हणून. नाही कसं म्हणायचं? दोघी उभ्या राहिलो. पहिलं कडवं झालं. हेमाचं झालं. मग माझं शेवटचं. मी 'लेकी, हाक मार' म्हणून वर चढायला लागले —

आणि हेमानं मध्येच तोंड घातलं! 'ओळगे बा, ओळगे बा' — जोरात, टाळ्या वाजवत, माझ्या कडव्यावर चढून! बायकांना वाटलं गंमत आहे, त्यांनीही टाळ्या धरल्या. माझं 'इथवर' त्या गोंगाटात गेलं. कुणाला ऐकूच आलं नाही.

इतकी वर्षं गातोय. कधी एकमेकींच्या ओळीवर आलो नाही. आणि आज सगळ्यांदेखत माझ्या तोंडावर गायली!

हे तर आधीच उठून पलीकडच्या बांधाला गेले होते. बैलांना पाणी दाखवायला, म्हणे. बैल सावलीत झोपलेले. यांना काही देणंघेणं नाही. बायकोची कुणी मान कापली तरी हे बैलांना पाणी दाखवणार.

घरी आल्यावर अंबिका म्हणाली, "आत्या, हेमाकाकूंनी मुद्दाम केलं असं मला न्हाई वाटत."

"मग चुकून केलं?"

तिनं डबे धुवायला घेतले. चूक नाही, मुद्दाम नाही, मग काय?

ठरवलं. आता मी गप्प बसायची नाही.


६ जानेवारी २०२५, सोमवार

गाणं पाठवायची शेवटची तारीख दहा. आज घरात सांगितलं, डोळे तपासायला जाते. आणि गुलबर्गा गाठलं. एकटीनं. खिडकीची जागा माझी मीच धरली.

शिवप्रसाद दचकलाच. "मावशी, तुम्ही? अत्ती न्हाई आल्या?" अत्ती म्हणजे हेमा, त्याची सासू.

सुधारानीनं चहा आणला. मी तिच्या तोंडाकडं बघत होते. काही लपवणारं तोंड नव्हतं. पण लपवायचं कसं, तेही ही आईकडूनच शिकली असेल.

म्हटलं, लहान गाणं ऐकव. लावलं. माझं पहिलं, हेमाचं दुसरं, आणि शेवटी तिनं 'ओळगे बा' हळूहळू कमी करत नेलंय, दाराच्या आत गेल्यासारखं. सुधारानीचा आवाज कुठेच नव्हता. खरं सांगायचं तर कानाला चांगलं लागलं. म्हणूनच जास्त राग आला! एवढं चांगलं करायचं म्हणजे किती दिवसांपासून मनात असेल!

कॉम्प्युटरवर नावं लिहिलेली — कलाबाई आणि हेमावती. माझं आधी. "हे कुणी लिहिलं?" विचारलं.

"अत्तींनीच सांगितलं. तुमचंच नाव आधी घाल म्हणून."

बघा! कडवं काढून घ्यायचं आणि वरून नाव पुढं करायचं. म्हणजे मी तक्रार करायला नको.

मग मी म्हटलं. आवाज जरासुद्धा हलू दिला नाही. "शिवप्रसाद, आमचं दोघींचं ठरलंय. तीन मिनिटांचंच पाठव. हेमानंच मला पाठवलंय सांगायला."

तो खुर्चीत वळला. "अत्तींनी सांगितलं? नक्की?"

"मी खोटं बोलते व्हय?"

"तसं न्हाई, मावशी. फोन करून एकदा—"

"तिचा घसा बसलाय. बोलवत न्हाई तिला."

त्यानं माउसवरचा हात काढला. मग म्हटलं, "मावशी, या स्पर्धेत आवाज मशीनवर दुरुस्त करायची परवानगी न्हाई. जसं गायलं तसंच जाणार. तुम्हाला माहीत हाय ना?"

"मग जाऊ दे की! आम्ही काय दुरुस्त करण्यासारखं गायलोय?"

तो कॉम्प्युटरकडं वळला. माझ्यासमोर बटण दाबलं. गेलं गाणं. पुरतं.

येताना बसमध्ये मला हसू येत होतं. हुमनाबाद गेल्यावर मात्र थांबलं. का ते कळलं नाही.


१४ जानेवारी. संक्रांत.

हेमा तिळगूळ घेऊन आली. तिला माहीतच नाही! गोड बोल म्हणाली. मी बोलले.


१ फेब्रुवारी, शनिवार

अजून काही नाही. अंबिका रोज बघते. मी रोज विचारत नाही, पण ती बघते तेव्हा तिथंच असते.

मला एक वाटतं, आज इथं लिहून ठेवते. निवड झाली तर मी हेमाला घेऊनच जाणार. तिनं काहीही केलं असलं तरी. विमानात तिला खिडकी देणार. आणि मग विचारणार — आता सांग, कुठलं गाणं बरं होतं?


१६ फेब्रुवारी, रविवार

निकाल लागला. चाळीस गाणी होती. परीक्षकांत आम्ही तेरावे.

बारा घेणार होते.

अंबिकानं स्क्रीनवर बोट खाली नेलं. तीन परीक्षकांनी आमच्याबद्दल लिहिलंय. ती मराठीत करून सांगायला लागली. पहिला — दोन आयांचा असा संवाद पहिल्यांदाच ऐकला. दुसरी — भाषा न कळता मला माझी आई आठवली. मी यांना हाक मारली, ऐका म्हटलं. हे दारात येऊन उभे राहिले.

तिसऱ्यावर अंबिका थांबली.

"वाच की."

"असंच काहीतरी हाय, आत्या. तांत्रिक."

"अंबिका, वाच."

वाचलं तिनं. मोबाईलकडं बघत, माझ्याकडं न बघता. तिसऱ्या परीक्षकानं लिहिलंय — पहिला आवाज फार सुंदर आहे, पण शेवटच्या कडव्यात तो सूर सोडून खाली घसरतो आणि परत येत नाही. कठोर वाटेल, पण हे गाणं चाळीस सेकंद आधी संपलं असतं तर माझ्या पहिल्या पाचांत असतं.

मी म्हटलं, "हा कुठला परीक्षक? याला आपले सूर काय कळतात! तिकडचे सूर वेगळे."

अंबिकानं मोबाईल पालथा ठेवला. हे दारातून गेले होते.


१७ फेब्रुवारी, सोमवार

तो माणूस खोटं लिहितोय. नऊ वेळा ऐकलं मी आज. मला तर कुठंच घसरलेलं ऐकू येत नाही.


१८ फेब्रुवारी, मंगळवार

अंबिकाला म्हटलं, तूच सांग. शपथ घालून सांग.

ती म्हणाली, "मी न्हाई सांगत, आत्या. तुमचं तुम्हीच ऐका." तिनं तिच्या मोबाईलवर तंबोरा लावला. नुसता सूर धरून ठेवतो तो, हलत नाही. आणि त्याच्याबरोबर माझ्या मोबाईलवर आमचं गाणं लावलं, जिथून माझं शेवटचं कडवं सुरू होतं तिथून.

'लेकी' ठीक होतं. 'हाक मार'ही.

'तिच्या बोलीत'पासून दोन्ही आवाज वेगळे व्हायला लागले. तंबोरा होता तिथंच होता. मी खाली चाललेले. पाटातलं पाणी बांध फोडून बाजूला वाहत जातं, तशी. 'इथवर'ला तर मी कुठंच नव्हते. वर चढतेय असं मला वाटत होतं ना — मी चढलेच नव्हते!

परत लाव म्हटलं. परत तेच.

आता मला दुसरं काही ऐकूच येत नाही.


१९ फेब्रुवारी, बुधवार

हेमाकडं गेले. ती माळवदावर तूर पाखडत बसली होती. तिला कळलेलं होतं. निकाल शिवप्रसादला येणारच. मी काय केलं तेही कळलेलं. तरी सूप बाजूला ठेवून तिनं मला बसायला पोतं दिलं.

मी म्हटलं, "मी तुझ्या नावानं खोटं बोलले."

"माहीत हाय."

"शिव्या दे की मग."

"कशाला? तीन म्हैन्यांपासून तू मनात देतच असशील. माझ्या वाटच्या बी त्यातच धर."

हसायला आलं आणि मग ते हसणं राहिलं नाही. तिनं पदर पुढं केला. माझा होता की, पण मी तिचाच घेतला.

मग विचारलं, "तुला माहीत होतं तर सांगितलं कामून न्हाईस? येळवशीला तोंडावर गायलीस, एकटी गुलबर्ग्याला गेलीस, चोर झालीस. एकदा 'कला, तुझा सूर जायलाय' म्हणायला काय झालतं?"

सूप उचललं तिनं. दोनदा पाखडलं. म्हणाली, "मला कुठं कळलतं? शेजारी उभं राहून गाताना माझं ध्यान माझ्याच गळ्याकडं. मला दुसऱ्यानं सांगितलं. मग स्टुडिओत कान दिला, तवा कळलं."

"दुसऱ्यानं म्हणजे?"

"ते इचारू नको."

"हेमा!"

"शब्द दिलाय मी. तुला सांगायचं न्हाई, तुझं मन दुखवायचं न्हाई, आणि गाणं असं करायचं की तुला कळू बी नये. एवढंच मागितलं त्या माणसानं. हात जोडून मागितलं, कला. माझ्याच्यानं नीट झालं न्हाई, ते वेगळं."

मी उठून आले.


२० फेब्रुवारी, गुरुवार

कोण? राजूबाई? ती हात जोडणारी नाही, ती गावभर सांगणारी. शिवप्रसाद? तो सासूला शब्द कशाला मागेल! अंबिका! गिरणीजवळ उभी होती ना. सगळं माहीत असून माझ्याबरोबर दिवसभर गाणी ऐकत बसली.

विचारलं तिला. रडायला लागली. म्हणाली, "मला माहीत होतं आत्या, पण काकूंना मी न्हाई सांगितलं. काकूच मला इचारत होत्या, खरंच घसरतंय का म्हणून. मला धीरच झाला न्हाई."

ती खोटं बोलत नाही. मग कोण?


२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळी हे चहाला बसले. कप हातात घेतला आणि न पिता खाली ठेवला. म्हणाले, "हेमाक्काला मीच सांगितलतं."

मला कळेना. म्हटलं, "तुम्हाला गाण्यातलं काय कळतंय!"

"गाण्यातलं न्हाई कळत. तुझा आवाज कळतोय."

कधीपासून विचारलं. मागच्या उन्हाळ्यापासून, म्हणाले. रोज सकाळी मी देवापुढं गाणं म्हणायचे, हे ओट्यावर बसून ऐकायचे, तेव्हापासून. बाहेरच्या लोकांनी हसू नये, एवढंच वाटलं, म्हणाले.

मी उठले. भांडी उचलायला लागले. यांनी माझ्या हातातली बशी काढून घेतली.

"आठ दिस झाले, घर गप्प हाय," म्हणाले. "म्हण की आता. कितीबी लांब म्हण."